भेसळीची तक्रार: तुरुंग केव्हा, नुसता दंड केव्हा

भेसळ सापडली की दुकानदार आत जाणारच, असं सोलापूरच्या मंगळवार पेठेत कुणीही सांगेल. किमान सहा महिन्यांची कैद होती ती १९५४ च्या जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात, आणि तो ५ ऑगस्ट २०११ ला गेला. आता बघायचं ते अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ चं कलम ५९.

असुरक्षित अन्नाने इजा झाली नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड (२०२३ च्या दुरुस्तीनंतर). इजा झाली तर एक वर्षापर्यंत, गंभीर इजेला सहा वर्षांपर्यंत. या कलमात कैदेला 'किमान' लागतो तो माणूस दगावल्यावरच: सात वर्षं ते जन्मठेप, दंड किमान दहा लाख.

दुधात नुसतं पाणी घातलं असेल तर माल 'कमी दर्जाचा' ठरतो. कलम ५१ प्रमाणे पाच लाखांपर्यंत दंड, कैद नाही. शेंगाचटणीच्या तिखटात सुदानसारखा बंदीचा रंग निघाला तर मात्र प्रकरण कलम ५९ मध्ये जातं. चिमूटभर तिखट ग्लासातल्या पाण्यावर टाका. रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर पाण्यात विरघळणाऱ्या कृत्रिम रंगाचा संशय घ्या; सुदान तेलात विरघळतो, तो असा दिसत नाही. शिवाय हा पुरावा नव्हे.

फोडलेलं पाकीट कोर्टात टिकत नाही, लोक नेमके इथेच फसतात. अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी त्याच बॅचचा माल दुकानातून घेऊन, चार भाग करून सील करतो. म्हणून बॅच क्रमांक, तारीख आणि बिलावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक यांचे फोटो काढून 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा सहायक आयुक्त (अन्न) यांच्या कार्यालयात लगेच तक्रार द्या. माल विकून संपला की नमुना कशाचा घेणार? गड्ड्याच्या यात्रेतल्या सुट्या खाऊला बॅचच नसते, तिथे त्याच दिवशी धावपळ करावी लागते.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर कलम ४० आहे. फी भरावी लागते, नमुना नापास झाला तर परत मिळते. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला 'हे तपासायला देणार' म्हणून सांगायला हवं. विश्लेषकाचा अहवाल चौदा दिवसांत यायचा असतो.

आजारी पडलात तर केसपेपर जपा. उलट्या-जुलाबाचा कागद नसेल तर प्रकरण तीन महिन्यांच्याच खान्यात राहतं. मृत्यू झाल्यास कलम ६५ खाली वारसांना किमान पाच लाख भरपाई मिळू शकते. खटला दाखल करायची मुदत साधारण एक वर्ष. अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारणं नोंदवून मंजुरी दिली तरच तीन वर्षं.