काजू कारखाना पर्यावरणपूरक करताना सुरुवात टरफलापासून

वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ या पट्ट्यातील लहान काजू कारखान्यांत पर्यावरणपूरक उत्पादनाचा विषय निघाला की बोलणे थेट छतावरच्या सौर पॅनेलवर जाते. पॅनेल जरूर बसवावेत, पण ते शेवटी. कारण कच्च्या बीच्या वजनात जवळपास 70 टक्के टरफलच असते आणि कारखान्याचा धूरही तेथूनच सुरू होतो.

प्रथम आठवडाभर वही ठेवावी. किती बी शिजवली, किती टरफल जाळले, किती आवारात पडून राहिले, पाणी व वीज किती लागली, हे रोजच्या रोज लिहावे.

तेलकट टरफल तसेच बॉयलरखाली घातले की डोळ्यांना झोंबणारा काळा धूर निघतो आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर धरतो. हे टरफल तेल काढणाऱ्या कारखान्याला विकावे, कारण ते तेल रंग, रेझीन व ब्रेक लायनिंगसाठी वापरले जाते, आणि उरलेली पेंड इंधन म्हणून परत घ्यावी. ती बऱ्याच कमी धुराने जळते. तेल काढण्याचे यंत्र एकट्याने घालण्याच्या फंदात मात्र लहान कारखानदाराने पडू नये. शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून टरफल विकले, तर गाडीभाडे वाटले जाते आणि भावही बोलून घेता येतो.

त्यानंतर वाफेकडे वळावे. गळके व्हॉल्व्ह बदलावेत, उघड्या नळ्यांना ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचतंतूंची गादी) गुंडाळावे आणि वाफ थंडावून झालेले गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरच्या टाकीत परत आणावे. टाकीतील पाणी 6 अंशांनी अधिक गरम असले की इंधनात साधारण 1 टक्का बचत होते. काजूगरावरची पातळ साल टॅनिनयुक्त असते, म्हणजे तिच्यात पाण्याला रंग देणारे तुरट द्रव्य असते, म्हणून ती सांडपाण्यात न मिसळता वेगळी साठवावी.

कागदपत्रांत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्राकडील नोंदणी) आधी पाहावी. केंद्राच्या झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट, म्हणजे निर्दोष व पर्यावरणाला अपाय न करणारे उत्पादन) योजनेत प्रमाणनाच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला 80, लघुउद्योगाला 60 आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के अनुदान आहे.

एवढे झाल्यावर पॅनेलचा हिशेब करावा, आणि तो एप्रिलच्या उन्हावर न करता वर्षभराच्या सरासरीवर करावा, कारण जून ते सप्टेंबर वीजनिर्मिती बरीच घटते. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही, तेव्हा सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा जाड जस्तलेपाचाच असावा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावे.