ओएसजीआय अवघड की आपल्याच जार फायली बेशिस्त?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं इंजिनिअरिंग आटपून पुण्या-बेंगळुरूत जावाच्या कामावर रुजू झाली की सीनियर बजावतात, ओएसजीआयच्या नादी लागू नको. ओएसजीआय म्हणजे जावाचा प्रोग्राम बंडल नावाच्या सुट्या भागांत चालवायची पद्धत; प्रत्येक बंडल ही एक जार फाइल, म्हणजे जावाच्या कोडचं गाठोडं. पण एक्लिप्स हे कोड लिहायचं साधन २००४ च्या ३.० आवृत्तीपासून त्यावरच उभं आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात मशिनचा डेटा गोळा करणारा गेटवे एक्लिप्स कुरा या सॉफ्टवेअरवर असला, तर तिथंही तेच.

उद्यमबागेत शाफ्ट एका शेडमध्ये होतो, हाउसिंग दुसऱ्या. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) असतो म्हणून दोन्ही एकमेकांत बसतात. मॅनिफेस्ट म्हणजे जारमधली माहितीची फाइल. तिच्यातली इम्पोर्ट-पॅकेजची ओळ, म्हणजे बाहेरचं कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीत हवं ते सांगणारी, हाच टॉलरन्स. '[१.२,२)' याचा अर्थ १.२ चालेल, १.९ चालेल, २.० नाही. साध्या क्लासपाथवर (जावा जिथून जार शोधतं त्या यादीवर) हे कुणी तपासत नाही. चुकीची जार रात्री दोनला प्रॉडक्शनवर सापडते.

मॅनिफेस्ट हातानं लिहू नका. एक ओळ जास्तीत जास्त ७२ बाइटांची, फाइलीच्या शेवटी एंटर द्यायचा राहिला तर शेवटची ओळ वाचली जाईलच असं नाही. मेव्हन या बिल्डच्या साधनात बीएनडी या बंडल बांधणाऱ्या साधनाचं प्लगिन लावा, ते बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचून इम्पोर्ट स्वतः काढतं. सुरुवातीला तीनच बंडल करा: एकात फक्त इंटरफेस, दुसऱ्यात त्याची अंमलबजावणी, तिसऱ्यात वापर. ॲक्टिव्हेटर (बंडल सुरू-बंद होताना चालणारा क्लास) लिहीत बसू नका. कंपोनंट (हा क्लास फ्रेमवर्कनं चालवायचा) आणि रेफरन्स (याला ही सेवा हवी) ही दोन ॲनोटेशन पुरतात.

बंडल 'इन्स्टॉल्ड'वरच अडकलं, म्हणजे हवं ते न मिळाल्यानं पुढं सरकलं नाही, तर घाबरायचं कारण नाही. कराफ या ओएसजीआय चालवणाऱ्या सर्व्हरवर 'बंडल:डायग' आणि बंडलचा नंबर द्या, कुठलं पॅकेज हवं होतं ते तिथंच दिसतं. पॅकेज हजर असूनही जुळत नसेल तर एक्सपोर्टची आवृत्ती बघा. ती लिहिलीच नसेल तर ०.०.० धरली जाते आणि '[१.०,२)' मागणाऱ्याला ती चालत नाही. नवख्यांचे निम्मे दिवस इथंच जातात. बंडल 'ॲक्टिव्ह' दिसतं पण काम करत नाही, हा वेगळा आजार: कंपोनंटचा एखादा रेफरन्स मिळालेला नसतो. त्यासाठी कराफवरचेच 'एससीआर:लिस्ट' आणि 'एससीआर:इन्फो' हे आदेश.

खरी डोकेदुखी जुन्या लायब्ररींची. क्लासचं नाव चालू असताना ठरवून 'क्लास.फॉरनेम'नं उचलणारा कोड बीएनडीला दिसत नाही, म्हणून इम्पोर्ट राहून जातो आणि चालू असताना क्लास-नॉट-फाउंड येतो. तेच इंटरफेस पॅकेज दोन बंडलांनी आपापल्या पोटात भरलं की एकाच नावाचे दोन क्लास तयार होतात आणि क्लास-कास्टचा अपवाद उडतो. 'अमुक हा अमुक नाही' असा संदेश वाचून माणूस चक्रावतोच. ही चूक फ्रेमवर्कची म्हणता येणार नाही.

२०१७ च्या जावा ९ मधले मॉड्यूल सोपे वाटतात, पण ते आवृत्ती तपासतच नाहीत.

सगळं एकदमच डिप्लॉय होणार असेल, चालू मशिनवर एखादा भाग बदलायचा नसेल, तर ओएसजीआय आणूच नका. मेव्हनचे चार मॉड्यूल पुरे.