सावंतवाडी बघायचीय? मग मंगळवार धरून या

गोव्याला जाता जाता गाडी थांबवायची, लाकडी फळांची एक टोपली घ्यायची आणि झाली सावंतवाडी बघून, असं करणारे खूप जण भेटतात आणि मला खरंच वाईट वाटतं. एक रात्र तरी रहा, आणि तीही सोमवारची, कारण मंगळवारी इथला आठवडा बाजार असतो.

मुंबईकरांना तुतारी एक्स्प्रेस बरी पडते. दादरहून रात्री १२ नंतर सुटते, म्हणजे रविवारी रात्री जेवून घरातून निघणार असाल तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं, इथे भलेभले चुकतात. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा करा.

बाजारात सकाळीच जा. आजूबाजूच्या रानातलं जे काय असतं ते इथे टोपलीत येऊन बसतं, उन्हाळ्यात करवंदं, कोकमं, त्याच्या आधी ओले काजूगर, पावसात टाकळा नि फोडशीसारख्या रानभाज्या. काजूगर महाग वाटतील पण घासाघीस नका करू प्लीज, सोलताना त्या चिकाने हाताची कातडी जाते हो.

मग चितारआळी, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या दुकानांची आळी. खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड वापरतात, हलकं असतं, म्हणजे हेही परत रानातूनच आलेलं. बाहेरचा मालही विकायला असतो, तेव्हा हे इथलंच काम का असं सरळ विचारा. आणि इथलं असेल तर दोन पैसे जास्त द्या.

राजवाड्याला निवांत वेळ ठेवा, उघडायची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. तिथे गंजिफा बघायला मिळतात, गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते, प्रत्येक अवताराचे १२. ही कला जवळपास संपत आली होती, राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ती परत उभी केली. कलाकार रंगवत बसलेले असतील तर घाई करू नका, शेजारी उभं राहून एक पत्ता तरी रंगताना बघा.

संध्याकाळी वाड्यासमोरच्या मोती तलावाला एक चक्कर. दुसऱ्या दिवशी पहाटे नरेंद्र डोंगर चढा, गावाला लागूनच आहे, झाडी मस्त. आंबोली साधारण ३० किमी, एसटी जाते, पावसात गेलात तर जळवा असतात, मीठाची पुडी खिशात ठेवा.