पाय बधिर असताना ताकदीचा व्यायाम

मधुमेहामुळे तळपाय बधिर झाले असले, तरी स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सोडण्याचे कारण नाही. मात्र त्याची सुरुवात डंबेल्सपासून नव्हे, तर पायांच्या तपासणीपासून करावी. संवेदना गेलेल्या पायाला बुटातला खडा किंवा मोज्याची जाड शिवण जाणवत नाही, म्हणून व्यायामापूर्वी बुटांत हात फिरवून पाहावा आणि आधी व नंतर तळवे आरशात न्याहाळावेत. घरात अनवाणी वावरण्याची आपली सवय येथे घातक ठरते. तळपायाला जखम असल्यास ती भरेपर्यंत फक्त बसून करण्याचेच प्रकार करावेत.

भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे हा माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रकार आहे, कारण त्याने मांड्यांना बळ येते आणि तोल सावरणे सोपे जाते. सुरुवातीला हातांचा आधार घेण्यात कमीपणा नाही. असे ८ ते १० वेळा, आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून करावे. जोर लावताना श्वास रोखू नये.

उठताच चक्कर येत असेल, तर नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज बांधू नये, कारण हृदयाचे ठोके नियंत्रित करणाऱ्या मज्जातंतूंवरही परिणाम झालेला असू शकतो. अशांनी, तसेच डोळ्यांच्या पडद्याला इजा असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर मोजावी आणि ती ९० पेक्षा कमी असल्यास एखादे केळे खाऊन मगच व्यायामाला बसावे.