वस्तरा पट्ट्यावर फिरवताना

वस्तरा ओढतोय, गालाची आग होतेय, म्हणून लगेच धारेचा दगड काढू नका. बहुतेक वेळा धार गेलेली नसते. तिची अतिबारीक कड दाढी करताना इकडेतिकडे वळलेली असते आणि ती सरळ करायला चामड्याचा पट्टा पुरतो.

पट्टा ताणून धरा. सैल पट्टा मध्ये झुकतो, धारेभोवती वळतो आणि तिला गोलाई आणतो. मग पट्ट्यावर जितकं घासाल तितका वस्तरा बोथट! वस्तऱ्याची पाठ (धारेच्या विरुद्धची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या हव्यात. वस्तरा फिरवताना पाठ पुढे, धार मागे. पट्ट्याच्या टोकाशी पोचलात की वस्तरा पाठीवरच उलटायचा, धारेवर कधीच नाही. नवशिके पट्टा कापतात ते नेमके इथेच, घाईने उलटताना. सुरुवातीला अगदी सावकाश करा. वेगाने काही साधत नाही.

दाब मात्र जवळजवळ नकोच, वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर हात थोडा तिरका न्या, म्हणजे पात्याच्या टाचेपासून (मुठीकडच्या बाजूपासून) टोकापर्यंत सगळी धार घासली जाते. पट्ट्याला कापडी बाजू असेल तर आधी तिच्यावर २०-३० फेऱ्या, मग चामड्यावर ५०-६०. हे प्रत्येक दाढीच्या आधी, आणि पातं पूर्ण कोरडं असताना. इतकं करूनही केस ओढले जात असतील, तर खुशाल दगड काढा.