शहरात ट्रेकिंग क्लबचा प्रसिद्धी दिन भरवताना

प्रसिद्धी दिन, म्हणजे चौकात स्टॉल मांडून नवख्यांना क्लबची ओळख करून देण्याचा दिवस, ठरला की सगळ्यात आधी त्यानंतरच्या पहिल्या सोप्या ट्रेकची तारीख पक्की करा. दोन आठवड्यांच्या आतली, तीन-चार तासांची, विशेष साहित्य न लागणारी वाट निवडा. स्टॉलवर थांबलेला माणूस हमखास विचारतो, "मला जमेल का? कधी नेताय?" याचं उत्तर तयार नसेल तर बाकी मांडणी कितीही देखणी असली तरी वाया जाते. पत्रकावर तारीख, जमण्याची जागा, चालण्याचे तास, चढ किती मीटरचा आणि फोन नंबर एवढंच ठळक छापा. शिखरावरचे फोटो दोन पुरेत. साध्या पायवाटेवरून चालणाऱ्या, सगळ्या वयाच्या नवख्यांचे फोटो जास्त लावा आणि प्रिंट मॅट कागदावर काढा. चकचकीत कागदावर ऊन पडलं की काहीच दिसत नाही.

जागेची परवानगी हातात आल्याशिवाय काही छापायला देऊ नका. अर्जात मंडपाचं माप आणि ध्वनिवर्धक यांचा उल्लेख हवाच. बॅनरवरचं अक्षर काना-मात्रा सोडून किमान १० सेंटीमीटर उंच असेल तर दहा-बारा मीटरवरून सहज वाचता येतं.

खरी अडचण होते ती फरसबंदीवर. तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत, आणि उभा तंबू वाऱ्यात पतंगासारखा उचलला जातो. आपल्या आपण उभा राहणारा डोम तंबूच न्या आणि आत चारही कोपऱ्यांत पाण्याचे कॅन ठेवा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, त्यामुळे हिशेब सोपा आहे. ३ बाय ३ मीटरच्या घडीच्या मंडपाला मात्र प्रत्येक पायाशी किमान २० किलो हवेत, आणि वजनापासून छताच्या कोपऱ्यापर्यंत पट्टा ताणून बांधायला हवा. नुसतं पायावर वजन टेकवलं तर छत वर ओढलं जातं आणि सांगाडा वाकतो. वारा वाढला की मंडप उतरवा. तंबूखाली जाड ताडपत्री घाला, नाहीतर फरशीवरची खडी तळाला भोकं पाडते.

सामान नुसतं मांडून ठेवू नका, लोकांच्या हातात द्या. सर्वांत जास्त गर्दी गाठींच्या टेबलाशी होते. वापरातून काढलेल्या साधारण १० मिलीमीटर जाडीच्या दोराचे २ मीटरचे दहा तुकडे करा. कापण्याआधी तिथे चिकटपट्टी गुंडाळा आणि कापल्यावर टोकं वितळवून बंद करा. दोन्ही टोकांना लाल पट्टी लावा, म्हणजे हे तुकडे चुकून चढाईच्या सामानात जाणार नाहीत. टेबलाला एक आडवा पाइप घट्ट बांधा. त्यावर आठाच्या आकड्यासारखी दिसणारी आठाची गाठ शिकवा. आधी दोराच्या टोकापासून साधारण खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढ्या अंतरावर आठाचा आकार करायचा, टोक पाइपाभोवतून आणायचं आणि मग पहिल्या दोराला लगटून तीच वाट उलट चालायची. नवखे वळणावर बाहेरचा आणि आतला दोर अदलाबदल करतात आणि गाठीत दोर एकमेकांवर चढतात. बरोबर गाठीत समांतर दोरांच्या पाच जोड्या दिसतात. त्या बोट ठेवून मोजायला लावा. शेपूट, म्हणजे गाठीबाहेर राहिलेलं मोकळं टोक, किमान १५ सेंटीमीटर उरलं पाहिजे. लहान मुलांना दोर गळ्यात घालू देऊ नका, त्यासाठी टेबलाशी एक माणूस कायम हवा.

त्याशेजारी दोन सॅक ठेवा, दोन्हींत तेच १० किलो सामान. एकीत जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांच्या पातळीला. दुसरीत त्याच वस्तू बाहेरच्या बाजूला. पाठीवर घेताच दुसरी मागे ओढते, हे मिनिटभरात कळतं. सॅक दुसऱ्याने धरून चढवावी. झटक्याने उचलली की कंबर लचकते. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर बसवा.

स्टोव्ह दाखवायचा असेल तर गॅस सिलिंडर न जोडता दाखवा. चौकातल्या भिंतीवरून किंवा खांबावरून दोर सोडून प्रात्यक्षिक करायचा मोह टाळा. तिथल्या अँकरची, म्हणजे दोर ज्याला बांधायचा त्या आधाराची, खात्री कुणीच देऊ शकत नाही.

माणसं एकावेळी चार, पाळी दोन तासांची. त्याहून लांबली की बोलणारे थकतात आणि आपापसात गप्पा मारत बसतात. नावनोंदणीच्या पाट्याला पेन दोरीने बांधा, आणि लिहिलेला नंबर समोरच परत वाचून घ्या, कारण घाईत लिहिलेला एखादा आकडा वाचता येत नाही. ४८ तासांच्या आत प्रत्येकाला ट्रेकचा तपशील आणि सोबत काय आणायचं याची यादी पाठवा.