सुरतेत प्लँट आयटीचं (कारखान्यातल्या मशीन-कॉम्प्युटरचं) काम धरणाऱ्या खान्देशी पोरांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारहून डिप्लोमा करून पोरं सुरतेला येतात. खोलीची काळजी करू नका. लिंबायत, डिंडोली, उधना भागात कुणी ना कुणी गाववाला निघतोच. पण त्याच गोतावळ्यात अडकू नका. दिवसभर अहिराणीतच राहिलं की गुजराती कानावर पडते, तोंडात येत नाही. इथला शेठ सर्टिफिकेट बघत बसत नाही. तो एकच विचारतो, 'मशीन क्यारे चालु थशे?' (मशीन कधी चालू होईल?) तेव्हा त्याला त्याच्या भाषेत नेमकी वेळ सांगा आणि ती पाळा.

पांडेसरा, सचिनच्या कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये प्रिंटर आणि पासवर्ड हे तुमचं निम्मंही काम नसतं. पॅनेलमधला पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), ऑपरेटरसमोरचा एचएमआय (मशीनचा स्क्रीन), स्काडाचा (सगळ्या मशीनचे आकडे एका जागी दाखवणारं सॉफ्टवेअर) पीसी, सगळं तुमच्याच गळ्यात येतं. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी ती इथे भेटेल, कारण मशीनवाल्याचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. तिथे चालू बॅचमध्ये अपडेट, रीस्टार्ट काही करायचं नाही.

आता जे सांगतो ते लिहूनच ठेवा. पॅनेलच्या नेटवर्क स्विचला लॅपटॉप लावण्याआधी आयपीची, म्हणजे कोणत्या मशीनला कोणता नेटवर्क नंबर दिलाय त्याची यादी मागा. आपल्याकडच्याच एका पोराने दुपारी १९२.१६८.१.१० ला पिंग केलं (त्या नंबरवर कुणी आहे का ते तपासलं), उत्तर आलं नाही, म्हणून तोच नंबर लॅपटॉपला दिला. तो पीएलसीचा होता. मशीन तेवढं मेंटेनन्सला बंद होतं, म्हणून उत्तर आलं नव्हतं. संध्याकाळी मशीन सुरू झालं, लॅपटॉप तसाच लावलेला, एकाच नंबरवर दोघं भिडले. स्काडावरचे आकडे गोठायला लागले, रंगाच्या टाकीचं तापमान कळेना, अख्ख्या लॉटची शेड (रंगाची छटा) गेली. पोराची नोकरीही गेली. पिंगला उत्तर नाही म्हणजे नंबर रिकामा, असं कधीच धरू नका. यादी नसेल तर शिफ्ट इनचार्जला सोबत घेऊन पॅनेल टू पॅनेल फिरा आणि स्वतः यादी बनवा. पहिल्या आठवड्यात याहून मोठं काम नाही.

पेन ड्राइव्ह स्काडाच्या पीसीला लावू नका, साहेबाने दिला तरी. २०१० मध्ये सापडलेला स्टक्सनेट व्हायरस पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा आणि त्याचा नेम पीएलसीवरच होता.

जमलं तर निघण्याआधी जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई किंवा डाळ मिलमध्ये काही महिने मेंटेनन्सवाल्यांबरोबर काढा. पॅनेल उघडून पाहिलेला पोरगा इथे लवकर उभा राहतो.

कामाला लावणारा ठेकेदार असेल तर जॉइनिंग लेटर आणि पीएफचा यूएएन नंबर पहिल्या पगाराबरोबरच मागून घ्या.